चेहऱ्यावरच्या वांगासाठी चिनी लेप: 'सात पांढरे' आणि त्यातल्या एकेका मुळीचा हिशेब

अबोली

मंडळी, काही वर्षं आम्ही चीनमध्ये हांगचौला राहतो आहोत. मुलाच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले आणि बाळंतपणानंतरही गेले नाहीत. शेजारणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, भाजीवाली आजी, ज्याला त्याला उपाय माहीत होता आणि त्यात क्रीमपेक्षा मुळ्या-कंदांचीच नावं जास्त होती. शेवटी मी इथल्या पारंपरिक चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात गेले, उपचार घेतले आणि त्या निमित्ताने या लेपांबद्दल मिळेल ते वाचत गेले. मराठीत शोधलं तर 'चिनी बायकांच्या गोऱ्या कांतीचं रहस्य' छापाचंच सापडत होतं. म्हणून सविस्तर लिहिते. माहितीत भर घाला, चुकत असेल तिथे हक्काने टोका.

आधी तपासणीबद्दल. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली आणि मग झोप, पाळी, चिडचिड, पाय गार पडतात का, असं बरंच विचारलं. चिनी वैद्यक वांगाकडे फक्त कातडीचा रोग म्हणून बघत नाही. यकृताची 'ची' म्हणजे प्राणशक्ती अडकलेली, प्लीहा दुबळी, मूत्रपिंडाचं बळ कमी, आणि या सगळ्याच्या मुळाशी रक्त साकळलेलं, अशी त्यांची मांडणी असते. यातलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते लिव्हर नव्हे, ती त्यांच्या शास्त्रातली एक कार्यव्यवस्था आहे. म्हणून पोटातून काढा मुख्य आणि वरून लेप जोडीला, असा उपचार असतो. काढ्याबद्दल इथे लिहीत नाही, तो माणूस बघून ठरतो. हा धागा लेपाचा आहे.

छिंगहफांग या जुन्या बाजारभागात 'हू छिंग यू थांग' हे १८७४ मध्ये सुरू झालेलं औषधालय आहे. आज तिथे संग्रहालय आहे आणि दुकानही चालू आहे. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर औषधाचं नाव. माणूस चिठ्ठी बघतो, ओट्यावर कागद मांडतो, खण ओढून चिमटीने मुळ्यांचे काप काढतो आणि हातातल्या बारक्या काट्यावर तोलून प्रत्येक कागदावर वाटून टाकतो. दुकानात एक प्रसिद्ध पाटी आहे, 'फसवू नका' अशा अर्थाची. ती गिऱ्हाइकाला दिसेल अशी टांगलेली नाही, तिचं तोंड आत, काम करणाऱ्यांकडे आहे. वांगावरच्या औषधांच्या बाबतीत ही पाटी किती महत्त्वाची आहे ते पुढे चर्चेत येईलच.

डागांवरच्या जुन्या लेपांपैकी सर्वांत जास्त नाव निघतं ते 'छी-बाय-काव' म्हणजे सात पांढऱ्यांच्या लेपाचं. त्यात बाय-च्र, बाय-ल्येन, बाय-चू, बाय-ची, पांढरं फूलिंग, बाय-फूत्स आणि शीशिन अशी सात द्रव्यं. शीशिन सोडून बाकीच्यांच्या नावातच पांढरा रंग आहे. सगळ्यांची वस्त्रगाळ पूड करायची, अंड्याच्या पांढऱ्यात मळायची, बोटाएवढ्या कांड्या वळायच्या आणि सावलीत सुकवायच्या. रात्री तोंड धुऊन, धान्याच्या आंबवलेल्या कोमट पाण्यात कांडी उगाळायची आणि तो गंध चेहऱ्याला लावायचा. आंबवलेल्या धान्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल असतं आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ डागांसाठी सौम्य सोलणारं द्रव्य म्हणून ते वापरतात. मला तर या कृतीतला सगळ्यात विचारपूर्वक भाग हाच वाटतो.

आता एकेक द्रव्य. माझं ठाम मत असं झालं आहे की 'सात पांढरे' हे एक औषध समजून चालतच नाही. सातही जणांचे स्वभाव वेगळे आहेत.

बाय-च्र ही कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली मुळी. वास उग्र आणि गोडसर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'शन-नोंग पन-त्साव चिंग' या द्रव्यगुणाच्या ग्रंथात ती त्वचेला तजेला देते आणि तोंडाला लावायच्या स्निग्ध लेपात घालावी, असं म्हटलं आहे. पण हिच्यात फ्युरानोकौमरिन गटाची रसायनं असतात आणि त्यातली काही उन्हाशी संयोग झाला की कातडी भाजतात, काळवंडवतात. चीनमध्येच ही मुळी कोडावर, म्हणजे गेलेला रंग परत आणण्यासाठी, उन्हाच्या जोडीने वापरली गेली आहे. आपल्याकडे बावची वापरतात तसंच. म्हणजे डाग घालवायला लावलेली मुळी दिवसा लावली तर उलटं काम करू शकते! डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की लेप रात्रीच, सकाळी कोमट पाण्याने पूर्ण धुवायचा, कानशिलांपाशी आणि केसांच्या रेषेत राहिलेलासुद्धा. इंटरनेटवर ही पूड दह्यात कालवून उन्हात बाल्कनीत बसलेल्या बायका बघितल्या की जीव तुटतो.

बाय-फूत्स हा अळू-सुरणाच्या कुळातला कंद. कच्चा असला तर अळू खाजतं तसाच खाजतो, आणि विषारीही आहे. पोटात घ्यायचा तर आलं आणि तुरटीबरोबर संस्कार करूनच घेतात. आणखी एक घोळ म्हणजे 'फूत्स' नावाचं वेगळंच औषध आहे, ते बचनागाच्या जातीचं. शिवाय बचनागाच्याच एका जातीचे कंदही पूर्वी बाय-फूत्स म्हणून विकले जात. नाव बघून ऑनलाइन पूड मागवणाऱ्याला यातलं काय हाती पडलं ते कळायला मार्ग नाही.

शीशिनमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, जे मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगकारकही आहे. पाल्यात जास्त, मुळात कमी, म्हणून चीनच्या अधिकृत औषधसंहितेने आता फक्त मूळ वापरायचं असं ठरवलं आहे. माझ्या चिठ्ठीत ते नव्हतंच.

उरलेले चार त्या मानाने गरीब. बाय-ची हा एका भूऑर्किडचा कंद, भिजवला की बुळबुळीत चिकट होतो आणि सुकल्यावर चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरतो. फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, बीजिंगमध्ये तिच्या नावाची पातळ गोड पोळी मिठाईच्या दुकानात मिळते. बाय-ल्येन द्राक्षाच्या कुळातल्या वेलाचं मूळ. बाय-चूचे काप व्हिनेगरमध्ये भिजवून रोज चेहऱ्यावर फिरवायचे, हा उपाय चौथ्या शतकातल्या क-होंगच्या नावावर सांगितला जातो आणि चिनी घरांतून आजही करतात. इथलं भाताचं व्हिनेगर झणझणीत असतं. माझ्या मैत्रिणीच्या आईने ते तसंच वापरलं आणि गालावर लाल चट्टे उठले.

माझा अनुभव एवढाच, की हिवाळ्यात डागांच्या कडा विरळ झाल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात ओठावरचा डाग परत गडद झाला. लेपाने किती आणि ढगाळ हिवाळ्याने किती, हे मी सांगू शकत नाही. इथे प्रत्येक डॉक्टर, चिनी पद्धतीचा असो वा आधुनिक, औषध लिहायच्या आधी उन्हापासून जपायला सांगतो. हांगचौच्या बायका विजेच्या स्कूटरवरून जाताना हात, मान, चेहरा झाकणारं सैल कापड पांघरूनच निघतात.

रानजाई

अबोलीताई, फार उपयोगी धागा. नेमकं विचारायचंच होतं. माझ्या नणंदेने ऑनलाइन एक 'चायनीज हर्बल' क्रीम मागवलंय. डबीवर चिनी अक्षरं, जिनसेंगचं चित्र, आणि मराठीत काहीही नाही. आठवडाभरातच चेहरा उजळला! घरात सगळ्या खूश आहेत. पण चार दिवस प्रवासात लावलं नाही तर तोंड लाल होऊन आग आग झाली. हे औषध 'आतली उष्णता बाहेर काढतंय' असं विकणाऱ्याने सांगितलं. खरं असेल का?

दवबिंदू

रानजाई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. नणंदेला ते क्रीम घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच पाठवा. उष्णता वगैरे काही बाहेर पडत नाही. आठवड्यात उजळणं आणि थांबवल्यावर लाल होऊन पेटणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय स्टेरॉइडचा. वांग हा चिवट विकार आहे. योग्य औषधांनीही फरक दिसायला महिने लागतात. कुठलीही मुळी आठवड्यात हे करत नाही.

हा नुसता संशय नाही. १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या डॉक्टरांचा एक अहवाल आला होता. त्वचेच्या रोगांसाठी दिलेली ११ चिनी हर्बल क्रीमं त्यांनी प्रयोगशाळेत तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. रुग्णांना ते माहीत नव्हतं. आपल्याकडेही वेगळी परिस्थिती नाही. फरक इतकाच की आपल्याकडे बऱ्याचदा नळीवर नाव छापलेलंच असतं, पण कोणी वाचत नाही. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, तरी माझ्याकडे रोज कोणीतरी येतंच, कातडी पातळ झालेली, लाल बारीक रक्तवाहिन्या दिसणारी, गालांवर लव वाढलेली.

आणि दुसरी शंका पाऱ्याची. केरळात मलप्पुरमला २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण एकामागून एक सापडले, आणि धागा गोरेपणाच्या क्रीमपाशी पोचला. आपल्या अकोल्यातल्या एका कुटुंबातही असंच घडल्याच्या बातम्या आल्या होत्या. पायांवर सूज, लघवीला फेस, असं काही असेल तर लघवीची प्रथिनांसाठी तपासणी त्याच दिवशी करून घ्या. क्रीम एकदम बंद करायचं की टप्प्याटप्प्याने, ते डॉक्टर ठरवतील. स्टेरॉइड असेल तर एकदम बंद केल्यावर बराच त्रास होतो आणि त्या त्रासापायी माणूस परत तेच लावतो. त्या काळात कोणीतरी धीर द्यायला हवं, ते काम तुम्ही करा.

अबोली

दवबिंदू, मनापासून आभार. रानजाई, डबीचा फोटो मला खाजगी निरोपातून पाठव, चिनी अक्षरं वाचून सांगते. चीनमध्ये डाग घालवणारी आणि रंग उजळणारी उत्पादनं 'विशेष सौंदर्यप्रसाधनं' या वर्गात येतात आणि विक्रीआधी राष्ट्रीय औषध प्रशासनाकडे त्यांची नोंदणी करावी लागते. २०२१ पासूनच्या नव्या नियमांतही ते कायम आहे. तो नोंदणी क्रमांक वेष्टनावर असतो आणि प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शिवाय सौंदर्यप्रसाधनाने औषधी गुणाचा दावा करायचा नाही, असाही नियम आहे. म्हणजे डबीवर 'वांग मुळासकट बरा करतो' असं लिहिलं असेल तर ती डबी चीनमध्येसुद्धा बेकायदेशीर आहे.

पाऱ्याबद्दल लपवण्यासारखं काही नाही, तो जुन्या चिनी कृतींमध्ये आहे. 'छिंगफन' म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड, आणि शिशाची पांढरी भुकटी, दोन्ही राजघराण्यांच्या काळात चेहऱ्याच्या लेपांत सर्रास घातली जात. जुन्या ग्रंथातली कृती आहे म्हणून ती जशीच्या तशी करायची, हा हट्ट धोक्याचा आहे. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार २०२० पासून त्यात सामील देशांत पाऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदी आली. आधी दशलक्षात एक भागापर्यंत सूट होती, २०२३ च्या बैठकीत तीही काढून २०२५ ची मुदत घातली गेली.

खलबत्ता

छान चर्चा. मी आयुर्वेदाचा वैद्य. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये व्यंग सांगितला आहे. क्रोध आणि आयास, म्हणजे राग आणि अतिश्रम यांनी वायू बिघडतो, पित्ताच्या साथीने तोंडावर येतो आणि न दुखणारं, पातळ, काळसर मंडल उमटवतो. चिनी डॉक्टरीणबाईंनी चिडचिड आणि झोप विचारली ते वाचून हेच आठवलं.

लेपांत रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, कुष्ठ, प्रियंगू, वडाचे कोंब आणि मसूर हा योग प्रसिद्ध आहे. घरगुती उपायांत आपल्याकडे सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ. सगळ्या आज्यांना ठाऊक असलेला उपाय, पण मी तो सरसकट देत नाही. जायफळ तीक्ष्ण आहे, नाजूक कातडीला झोंबतं, आणि झोंबून सूज आली की आपल्या वर्णाच्या त्वचेवर मागे काळा डागच राहतो. लिंबाचं तर नावच काढू नका. लिंबाच्या सालीत बाय-च्रच्याच जातीची, उन्हात कातडी भाजणारी द्रव्यं असतात. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या हनुवटीवर ओघळाच्या आकाराचे डाग मी बघितलेत.

अबोलीताई, चिनी ग्रंथांत मनाच्या कारणाचा उल्लेख नेमका कुठे आहे? असल्यास जरूर सांगा.

अबोली

खलबत्ता वैद्यराज, आहे, आणि अगदी स्पष्ट आहे. छ्येनलोंग बादशहाच्या आज्ञेवरून १७४२ मध्ये तयार झालेल्या 'यीत्सोंग चिन्च्येन' या मोठ्या वैद्यकसंग्रहात या काळ्या डागांचं कारण म्हणून काळजी, कुढणं आणि कोंडलेलं मन दिलं आहे. रक्त क्षीण होतं, कोरडी आग साचते आणि तोंडावर डाग येतात, बायकांत हे जास्त, असं म्हटलं आहे. पथ्य म्हणून काळजी आणि अतिश्रम टाळायला सांगितलंय. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, १६१७ च्या 'वायख चंगत्सोंग' या शल्यग्रंथात छन श्रकोंगने शरीरातलं पाणी आगीला आवरू शकत नाही म्हणून हे डाग पडतात, अशी मांडणी केली होती. तुमचं पित्त आणि त्यांची आग, बायकांनी राग कोंडायचा नाही हे दोघांनीही ओळखलं, पण कोंडायची वेळ कोणामुळे येते ते कुठल्याच ग्रंथात नाही. हे मला फार लागतं.

'यीत्सोंग चिन्च्येन'मध्येच 'यू-रोंग-सान' नावाची धुवायची पूड आहे. सकाळ-संध्याकाळ तिने तोंड धुवायचं. पांढऱ्या द्रव्यांची लांबच लांब यादी, त्यात बाय-च्र, फूलिंग आणि चक्क शिकारी पक्ष्याची पांढरी विष्ठा. आपल्या उटण्यासारखीच, डाळीच्या पिठात सुगंधी द्रव्यं कालवून केलेली अंघोळीची पूडही चीनमध्ये होती, तिला 'त्साव-तौ' म्हणत. थांग काळातले थोर वैद्य सुन स्मियाव यांनी बायकांच्या मुखलेपांवर वेगळं प्रकरण लिहिलं. त्यात ते तक्रार करतात की वैद्य घराणी या कृती इतक्या लपवतात की शिष्यांनाच काय, बाप मुलालाही सांगत नाही, आणि म्हणून मी त्या सगळ्यांसाठी उघड करतो आहे. सातव्या शतकातलं हे वाक्य वाचून मला खूप आनंद झाला. आजची 'गुप्त फॉर्म्युला' लिहिलेली डबी त्यांच्या विरुद्धच्या परंपरेतली आहे.

आणि एक, फार सुंदर कृती. सम्राज्ञी वू त्सथ्येनच्या नावाने ७५२ मधल्या 'वायथाय मीयाव' या ग्रंथात दिलेली. ई-मू-त्साव नावाची झुडुपवजा वनस्पती पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी मुळासकट उपटायची, मुळांना कणभरही माती राहू द्यायची नाही, वाळवून कुटायची, पिठाबरोबर मळून अंड्याएवढे गोळे करायचे, सुकवून भट्टीत मंद आचेवर भाजायचे आणि ती पांढरी राख खलून धुण्याच्या पुडीत मिसळायची. रसायनाच्या अंगाने ती अल्कधर्मी राख आहे, वरचा थर थोडा सुटा करत असणार. रोज वापरली तर त्वचा कोरडी पडणार हेही ओघाने आलंच.

मातीचा_माणूस

मी जालन्याकडचा, तुतीची बाग आहे आणि रेशीम कोष काढतो. वांगाशी माझा संबंध नाही पण चिनी लेपात मेलेली रेशीमअळी घालतात असं कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे का? आमच्याकडे मस्कार्डिन रोग लागला की अळी ताठ होते, वरून पांढरी बुरशी धरते, हाताला टणक लागते. ती आम्ही वेचून जाळून टाकतो, एक राहिली तरी अख्खी बॅच जाते.

अबोली

दादा, अगदी तीच अळी! 'बाय-च्यांगत्सान' म्हणजे बुरशीने मेलेली ताठ पांढरी रेशीमअळी. मी वर उल्लेख केलेल्या सर्वांत जुन्या द्रव्यग्रंथातच 'काळे डाग घालवते, चेहऱ्याचा रंग चांगला करते' असं तिच्याबद्दल लिहिलंय. बोव्हेरिया बॅसियाना ही बुरशी, तुमच्या मस्कार्डिनची तीच. चीनमध्ये आता औषधासाठी अळ्यांना मुद्दाम ही बुरशी लावून त्या तयार करतात, अर्थातच रेशमाच्या संगोपनगृहापासून लांब. तुम्ही जाळता तेच योग्य आहे. आपल्या शेडमधली मेलेली अळी वाळवून कोणी तोंडाला लावू नये. तिच्यावर आणखी कुठले जंतू, कुठली बुरशी आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बुरशीच्या बीजाणूंची ॲलर्जी येऊ शकते.

मातीचा_माणूस

आता कळलं. आमच्याकडे बोव्हेरिया कीडनाशक म्हणून कापसावर-भाजीपाल्यावर मारतात, पण तुतीच्या आसपास कोणी मारलं की आमचा जीव टांगणीला. धन्यवाद ताई.

परीक्षानळी

मी औषधनिर्माणशास्त्रात काम करतो. या सगळ्या द्रव्यांबद्दल 'टायरोसिनेज रोखतं असं संशोधनात सिद्ध' हे वाक्य जाहिरातीत असतं, त्यावर थोडं. टायरोसिनेज हे मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, बनवणारं विकर (एन्झाइम). बहुतेक प्राथमिक चाचण्या बटण अळिंबीपासून काढलेल्या टायरोसिनेजवर होतात, कारण ते स्वस्त आणि सहज मिळतं. माणसाचं विकर वेगळं वागतं. अळिंबीचं विकर थांबवणारा अर्क माणसाच्या कातडीत उतरेल का, रंगपेशींपर्यंत पोचेल का, हे सगळे पुढचे प्रश्न. पूड पाण्यात कालवून लावली तर त्यातलं बहुतेक सगळं सकाळी बेसिनमध्ये जातं.

ज्येष्ठमधाची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. त्यातलं ग्लॅब्रिडिन टायरोसिनेज रोखतं आणि दाहही कमी करतं. पण ते आपल्याकडे मिळणाऱ्या ग्लॅब्रा जातीत असतं. चीनमध्ये मुख्यतः वापरतात ती युरालेन्सिस जात वेगळी. तेव्हा चिनी ज्येष्ठमध जास्त भारी असं समजून मागवायची गरज नाही.

आणि 'वनस्पतीत आहे म्हणून निर्धोक' याला उत्तर म्हणून जपानची हकिगत लक्षात ठेवा. र्‍होडोडेनॉल नावाचं, झाडांच्या सालीत सापडणारं द्रव्य रंग उजळायला म्हणून रीतसर परवानगी घेऊन बाजारात आलं होतं. ते वापरणाऱ्या हजारो बायकांना चेहऱ्या-हातांवर पांढरे चट्टे पडले आणि २०१३ मध्ये ती उत्पादनं परत घ्यावी लागली. टायरोसिनेजच त्याचं रूपांतर विषारी द्रव्यात करत होतं आणि रंगपेशी मरत होत्या.

निळीशाई

सहावा महिना चालू आहे आणि गालांवर वांग दिसू लागलेत. सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई मलेशियाहून मोत्याची पूड घेऊन आल्यात, चिनी आहे म्हणे. लावू का? पोटात नाही, फक्त वरून.

दवबिंदू

निळीशाई, अभिनंदन. गरोदरपणात आत्ता फक्त ऊन सांभाळा. घराबाहेर पडताना टोपी किंवा छत्री, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन. मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर उत्तम, कारण वांगाला अतिनील किरणांप्रमाणे साधा उजेडही चेतवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही डागांवरची औषधं, किंवा घटक माहीत नसलेला कुठलाही लेप नको. बऱ्याच जणींचे वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होतात. नाही झाले तर तेव्हा बघू.

अबोली

मोत्याच्या पुडीबद्दल एक ओळ. ती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आमच्याच च-च्यांग प्रांतातल्या चूची शहराभोवती गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा प्रचंड धंदा आहे. लावल्यावर चेहरा लगेच उजळ दिसतो कारण ती पांढरी भुकटी आहे, पावडर लावल्यावर दिसतो तसा. डागावर ती काही करत असल्याचं मला कुठे दिसलं नाही. आणि पाकिटात फक्त मोतीच आहे याची खात्री कोण देणार? डॉक्टरांनी सांगितलंय तेच कर गं.

कोपरा_खण

अबोली, पुण्याला कधी येतेस? येताना त्या सात पुड्या आणशील का, पैसे देते. मला कपाळावर आणि कानशिलांवर करडा-काळा रंग आलाय, गेल्या वर्षापासून वाढतोय, मधेमधे खाज येते. गालावर नाही. इथे जायफळ, मुलतानी माती सगळं करून झालं.

अबोली

नाही आणणार गं, राग मानू नकोस. माझ्या चिठ्ठीत शीशिन आणि बाय-फूत्स नव्हते, ते माझ्या डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम वगळले होते. दळलेल्या पुडीत काय आहे ते मला ओळखता येत नाही आणि तुला तर त्याहून येणार नाही. शिवाय इथल्या पार्लरमध्ये या पुड्यांवर जिप्समचा साचा चढवतात, तो घट्ट होताना चांगलाच तापतो, आणि लोक तेच घरी करायला बघतात. उष्णतेने वांग वाढतो. खायचं फूलिंग हवं असेल तर आणते, खुशीने.

पण तुझं वर्णन माझ्या वांगापेक्षा वेगळं वाटतंय. माझ्या डागांना कधी खाज आली नाही. दवबिंदू, बघता का जरा?

दवबिंदू

बरोबर हेरलंत. कोपरा_खण, तुम्हाला वांगच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. कपाळ, कानशिलं, करडा रंग, खाज, असं असेल तर केसांच्या कलपाच्या ॲलर्जीतून येणारं काळेपण आधी तपासायला हवं. पॅराफेनिलीनडायअमीन हा त्यातला नेहमीचा घटक. लायकेन प्लेनस पिगमेंटोसस हा कातडी काळवंडवणारा दुसरा विकारही असू शकतो. यांवर वांगाचे लेप, चिनी असोत, देशी असोत की माझे, काही करत नाहीत, उलट चोळून रंग आणखी गडद होतो. कलप लावता का? 'हर्बल' मेंदी, काळी मेंदी, कुंकवाची टिकली, सुगंधी तेल, कपाळाला लागणारं काय काय वापरता?

कोपरा_खण

काळी मेंदी. दर महिन्याला. पाकिटावर हर्बलच लिहिलंय.

दवबिंदू

आजपासून बंद करा. पाकीट टाकू नका, ते आणि घरातलं तेल सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि पॅच टेस्ट करून मागा. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात, त्या काळात पाठ भिजवायची नाही. तोवर चेहऱ्याला सनस्क्रीन आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, दुसरं काही नको.